खळमावशीचा कागद

न वाचता आजवर किती कागदांवर सह्या केल्यात तुम्ही? खरं सांगा. आमच्या तासगावात एक बाई होती. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण न समजलेला एकही कागद तिने कधी भिंतीला लावला नाही.

तिला सगळे खळमावशी म्हणत. गव्हाच्या पिठाची खळ शिजवायची, डबा कमरेवर घ्यायचा आणि आमच्या चळवळीची पत्रकं गावभर चिकटवायची, हे तिचं काम. माझे वडील पत्रकं छापून घेत, कॉलेजात गेल्यापासून ती मी लिहू लागले. पण खळीत हात घालण्याआधी मावशी पायरीवर बसायची आणि म्हणायची, "वाच."

"मावशी, उशीर होतोय."

"हू दे. मला उमगलं न्हाई, तर भिंतीला काय उमगणार?"

बहात्तरच्या दुष्काळात मी लिहिलं होतं, 'शोषणाच्या अभेद्य तटबंदीवर प्रहार करा.' मावशीने विचारलं, "तट कुठं हाय गं? आपल्या गावाला तर न्हाई." मी तणतणत घरी गेले आणि नव्याने लिहिलं, 'खडी फोडणाऱ्याला पुरी मजुरी द्या.' ते तिने एकदाच ऐकलं आणि डबा उचलला. माझ्या लेखनाची तेवढी एकच परीक्षा मी खरी मानते.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात सांडलेल्या खळीवरूनच तिचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. मिरजेला नेलं. रक्त तपासल्यावर कळलं, दोन्ही मूत्रपिंडंही थकलेली आहेत. तरी शस्त्रक्रिया करायचं ठरलं. अंगठ्यासाठी कागद पुढे आला, तर मावशी दुखण्याने कळवळतानाही म्हणाली, "डाक्टर, वाचा."

तरुण डॉक्टरांनी मराठीत सांगितलं, "यात जिवाला धोका होऊ शकतो."

"कुणाच्या?"

"तुमच्या, आजी."

"आसं सरळ बोला की." आणि तिने अंगठा दिला.

हाडात खिळा बसला. घरी सोडताना इंग्रजी कागद मिळाला. मावशीने तो माझ्याकडे दिला, "वाच." मला संध्याकाळच्या सभेला पोचायचं होतं. "औषधांची नावं आहेत गं नुसती," मी म्हणाले आणि कागद तिच्या उशीखाली सरकवला. मी तो उघडलाही नव्हता.

आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने कोण जातं? गल्लीतल्या प्रत्येक घरातून शहाळं आलं. कासारीण आली, बागवान आले, शाळेचे शिपाई आले, खाटेखाली शहाळ्यांची रास लागली. दोन माझीही होती. "लय ग्वाड हाय," म्हणत मावशी रोज दोन-तीन प्यायची. वॉकरला ती घोडी म्हणायची. घोडी घेऊन ती आधी उंबऱ्यापर्यंत गेली, मग अंगणापर्यंत. "दिवाळीला बाजारपेठेत कागद लावीन बघ."

आठवडाभराने तिला खाटेवरून उठवेना. पाय लुळे पडल्यासारखे झाले, छातीत धडधड, श्वास तुटका. कुणाची तरी जीप मागून मिरज गाठलं. डॉक्टरांनी विचारलं, "शहाळ्याचं पाणी देत होता?" आम्ही अभिमानाने हो म्हणालो. निघताना उशीखालचा तो कागद आम्ही सोबत घेतला होता, तो त्यांनी उलगडला. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, शहाळं अजिबात नको. त्या पाण्यातला क्षार तिच्या मूत्रपिंडांतून बाहेर पडत नव्हता, तो साठून हृदयावर येत होता.

तीन दिवस ती वाचेल की नाही, कुणी सांगेना. मी व्हरांड्यात बसून ती तिसरी ओळ वाचत राहिले. चौथ्या दिवशी मावशी बोलली. "जगाला पत्रकं लिवतीस पोरी, आन् माझा कागद वाचला न्हाईस."

मला रडूच फुटलं. ती म्हणाली, "माझं बी चुकलंच. भित्तीला लावायच्या आधी जन्मभर इचारलं, पोटात घालायच्या आधी न्हाई इचारलं. रडू नगं. घरी गेल्यावर लिव."

मी लिहिलं. 'मावशीला मूत्रपिंडाचा आजार आहे. शहाळं आणू नका. बसा, बोला.' तिने ते दोनदा वाचून घेतलं. शेवटचं वाक्य तिचंच. मग खळ शिजवायला लावली, घोडी घेऊन दारापर्यंत गेली, आणि उजवा हात सोडून खळ फासली. ऑपरेशननंतर तिचा हात घोडीवरून सुटला तो पहिल्यांदाच. मी धरायला धावले, तर ओरडली, "लांब हो! कागद वाकडा लागंल."

दिवाळीत ती बाजारपेठेत गेली. दोन पत्रकं लावून दमली, पण लावली. त्यानंतर साडेतीन वर्षं ती घोडी घेऊन गावभर फिरली. लोक तिच्या दारी रिकाम्या हातांनी यायचे आणि तासन् तास बसायचे. शेवटी मूत्रपिंडंच थांबली. दारावरचा कागद पिवळा पडला आहे, पण निघालेला नाही. ती खळ तिची होती.

यापुढे आजाऱ्याला भेटायला जाल, तेव्हा पिशवी दाराबाहेर ठेवा. त्याच्या उशीखालचा कागद मागून घ्या आणि त्याला कळेल अशा भाषेत, शेवटच्या ओळीपर्यंत, वाचून दाखवा. सभेला उशीर झाला तरी चालेल.