तिसऱ्या मजल्यावरचा हुलग्या

…तर लिफ्टचं दार बंद झालं आणि आत कोण? हरिबा, हरिबांच्या काखेत हुलग्या आणि समोर कडक इस्त्रीची पँट घातलेले हंबीरराव. इथवर आपण काल आलो होतो. तेवढ्यात जेवणाची हाक आली आणि ती तिघं बिचारी रात्रभर लिफ्टमध्येच अडकून पडली. त्यांना आधी खाली उतरवू.

हुलग्या म्हणजे कुत्र्याचं पिलू. रंग हुलग्याच्या दाण्यासारखा, म्हणून नाव हुलग्या. तिसऱ्या मजल्यावरून लिफ्ट खाली यायला वेळ तो किती? पण पिलाला तेवढाही दम निघाला नाही. काखेतूनच त्यानं धार सोडली, ती थेट हंबीररावांच्या पँटवर.

हरिबा म्हणाले, "असूं द्या सुभेदार. जनावरानं पाय भिजवलं तर चांगलं असतंय."

"चांगलं? आवं हरिबा, लग्नाला निघालोय मी!"

हंबीरराव फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, त्या इमारतीचे अध्यक्ष. कराडजवळच्या मलकापुरातल्या त्या इमारतीत जिन्यावर विडीचं थोटुक दिसलं तरी ते चौकशी बसवायचे. लग्नाहून परत आले ते थेट हरिबांच्या दारात. म्हणाले, "कुत्रं पाळायला माजी ना न्हाई. पर लिफ्ट न्हाई, जिना न्हाई, पार्किंग न्हाई. दिवाळीपतोर बघतो. न्हाई शिकलं, तर पिलू हितं ऱ्हायचं न्हाई."

हरिबांचा मुलगा तानाजी डेअरीवर नोकरीला. त्याला तर हे हवंच होतं. तो म्हणाला, "दिवाळी झाली की धुळा मेंढरं घिऊन हिकडं खाली उतरतोय. न्हाई जमलं, घरात बी घाण केली, तर त्येच्या कळपात सोडू. मिटलं."

त्याच्या लेखी मिटलं. हरिबांच्या लेखी नाही. ते का, हे कळायला जरा मागं जायला हवं.

हरिबा जत तालुक्यातले. जन्म मेंढरांमागं गेला. पावसाळ्यात घरची ज्वारी करायची, दिवाळी झाली की कळप घेऊन बाहेर पडायचं. बायको अंबूबाई गेली आणि पाठोपाठ दोन्ही गुडघेही गेले. मेंढरं पुतण्याच्या, म्हणजे धुळाच्या हवाली करून हरिबा लेकाकडं राहायला आले. लेक चांगला, सून समीक्षा त्याहून चांगली. पण बाल्कनीसमोर काय, तर शेजारच्या इमारतीची भिंत. सगळं आयुष्य आभाळाखाली काढलेला माणूस त्या भिंतीकडं बघत बसायचा. जेवण उतरेना. पुढं समीक्षाच्या ध्यानात आलं, की मामा ताटातली निम्मी भाकरी बाल्कनीतून खाली रस्त्यावरच्या कुत्र्यांना टाकतात आणि ती खाईपर्यंत वाकून बघत राहतात. तेवढा वेळ त्यांचा चेहरा बरा दिसतो.

 एके दिवशी समीक्षा शाळेतून शिकवून आली, ती ओढणीत हे पिलू गुंडाळून.

तानाजी म्हणाला, "येडी का काय तू? आपल्या सात पिढ्यांत कुत्रं उंबऱ्याच्या आत आलं न्हाई."

आणि खरं सांगायचं तर हरिबांनाही ते पटलेलं होतं. कुत्र्यानं दारात बसावं, मेंढरांच्या वाड्याची राखण करावी, रात्री लांडगा हाकलावा. घरात कुत्रं म्हणजे काय! पण इथं दार उघडलं की समोर लिफ्ट. पिलाला ठेवायचं कुठं? ते रात्री हरिबांच्या घोंगड्यात शिरलं, नाक त्यांच्या बगलेत खुपसलं, आणि सात पिढ्यांचा नियम तिथंच संपला.

आता शिकवायचं आलं. हरिबा सुनेला म्हणाले, "तू काळजी करू नगंस. कुत्र्यात जल्म गेला माजा."

जन्म गेला हे खरं. पण धनगराच्या कुत्र्याला कुणी शिकवतं का, कुठं बसावं ते? सगळं रान त्याचंच. उलट मेंढरांनी जिथं लेंड्या टाकल्या, तिथं शेतकरी हात जोडायचे. "हरिबा, औंदा आमच्या वावरात बसवा की कळप!" म्हणून आर्जवं करायचे, वर ज्वारी द्यायचे. जनावराची घाण म्हणजे घाण, ही गोष्टच हरिबांच्या डोक्यात कधी शिरली नव्हती. पिलानं पहिल्या दिवशी हॉलच्या मधोमध कार्यक्रम उरकला, तेव्हा ते कौतुकानं म्हणाले, "पोट साफ हाय गड्याचं!" समीक्षानं खाली गेल्यावर वापरायला पिशव्या दिल्या, तर म्हणाले, "लोकं मागून न्ह्यायची, अन् मी पिशवीत भरून कचऱ्यात टाकू?" आणि ते सगळं त्यांनी खालच्या जास्वंदीच्या बुंध्याशी नेऊन घातलं. ती जास्वंद हंबीररावांची. तो तमाशा वेगळाच झाला, तो पुन्हा कधीतरी.

शेवटी समीक्षा जनावरांच्या डॉक्टरांना विचारून आली. म्हणाली, "मामा, सोपं हाय. झोपंतनं उठलं की खाली. खाल्लं की खाली. खेळून दमलं की खाली. आणि जमिनीचा वास घेत गरागरा फिराय लागलं, की हातातलं टाकून खाली. तिथं केलं की शाबासकी द्यायची. घरात केलं तर मारायचं न्हाई, वरडायचं न्हाई, गप पुसून घ्यायचं."

"ह्ये तर कोकरागतच हाय की," हरिबा म्हणाले.

आणि माणूस कामाला लागला. गुडघे कुरकुरायचे, पण पिलू डोळे उघडायच्या आत हे दारात उभे. पहाटे, न्याहारीनंतर, दुपारच्या झोपेनंतर, दिवे लागायच्या वेळी. समीक्षा शाळेत जायच्या आधीची फेरी ती करायची, म्हणायची, "तुमी बसा मामा, गुडघं जपा." पण हरिबा तिच्या मागोमाग लिफ्टमध्ये यायचेच. इमारतीतल्या बाया आधी हसल्या, मग हाक मारून विचारू लागल्या, "झालं का हुलग्याचं?" हरिबाही खुशीनं सांगायचे, "झालं, झालं, दोनी झालं!" भिंतीकडं बघायला आता वेळच नव्हता. ताटातली भाकरी ताटात संपू लागली.

शिवाय हरिबांनी आपली एक युक्ती त्यात घातली. औताचे बैल मधेच थांबवून शीळ घातली की बैल धार सोडून मोकळे होतात, हे जतच्या रानात कुणालाही विचारा. तसं हरिबा पिलाला जास्वंदीपासून लांब, कोपऱ्यातल्या गवतात न्यायचे आणि ओठ मुडपून बारीक, लांबलचक शीळ घालायचे. पिलू आधी नुसतं तोंडाकडं बघत राहिलं. मग एके दिवशी शीळ आणि धार एकदमच. हरिबांना काय आनंद! त्यानंतर शीळ वाजली की हुलग्या बसलाच. लिफ्ट कोरडी, जिना कोरडा, पार्किंग कोरडं.

पण घर काही कोरडं राहीना.

हेच कुणाला उमगेना. पिलू आत्ता खाली जाऊन मोकळं होऊन आलेलं, खुशाल पडलेलं. आणि सकाळच्या डब्याच्या घाईत अचानक उठायचं नि हॉलमध्ये शू करायचं. दुपारभर काही नाही. सांजच्या स्वयंपाकाच्या वेळी पुन्हा तेच. हरिबांनी फेऱ्या वाढवल्या, पाणी वेळेवर दिलं, रात्रीचं ताक बंद केलं. काही उपयोग नाही. तानाजी फरशी पुसता पुसता म्हणायचा, "आबा, ह्ये रानातलंच जनावर. ह्येला घर सोसायचं न्हाई."

हे वाक्य हरिबांना लागायचं. कारण तो पिलाबद्दल बोलत होता, आणि यांना ते स्वतःबद्दल वाटायचं.

दिवाळी जवळ आली. एका दुपारी समीक्षा घरी आली, तर मामा बाल्कनीत बसून जुन्या वहाणांना तेल लावत होते. शेजारी घोंगडं घडी करून ठेवलेलं. तिला कळलं. पिलू धुळाबरोबर गेलं, तर त्याच्या मागून म्हातारा जाणार. असल्या गुडघ्यांनी, मेंढरांमागं. ती स्वयंपाकघरात गेली आणि उगीचच भांडी वाजवत राहिली.

ठरल्याप्रमाणे हंबीरराव पाहणीला आले. सकाळची वेळ. हुलग्या नुकताच खाली जाऊन आलेला, हरिबांच्या पायाशी शहाण्यासारखा बसलेला.

"लिफ्टची तक्रार न्हाई आली, हे मान्य हाय," हंबीरराव म्हणाले.

"यायची बी न्हाई. लय शाणं पिलू हाय, सुभेदार. माणसापरास बरं."

एवढं बोलणं होतंय तोवर आत कुकरची शिट्टी झाली. फुस्सऽऽ करून चांगली लांब. हुलग्या उठला, दोन पावलं पुढं गेला आणि हंबीररावांच्या पायाशी बसला. पँट तीच होती की दुसरी, देव जाणे, पण भिजली.

तानाजीनं कपाळाला हात लावला. "झालं! आता धुळाला फोनच लावतो."

हरिबांचा चेहरा असा उतरला, की हंबीररावांनाच पाय मागं घ्यायला लाज वाटली. समीक्षा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. तेवढ्यात कुकरची दुसरी शिट्टी. हुलग्या परत बसला. काही उरलं नव्हतं, पण बिचाऱ्यानं चार थेंब का होईना, प्रयत्न केला.

समीक्षानं ट्रे खाली ठेवला. "आवं मामा, तुमी खाली गेल्यावर ह्येला काय करता?"

"काय करतो म्हंजी? शीळ घालतो."

"घाला बघू."

हरिबांनी शीळ घातली. हुलग्या तिसऱ्यांदा बसला आणि केविलवाण्या डोळ्यांनी त्यांच्याकडं बघू लागला, की मालक, आता आणू कुठनं?

समीक्षा एवढी हसली, की भिंतीला टेकून खालीच बसली. "मामा, पिलू चुकत न्हाई! तुमी शिकवलं तेच करतंय. कुकर तुमच्यावाणी शीळ घालतोय!"

हंबीररावांना कळायला एक क्षण लागला. मग तेही हसायला लागले. पँटकडं बोट दाखवून म्हणाले, "तानाजी, फोन ठेव खाली. हुकूम झाला अन् शिपायानं पाळला. असला शिपाई कुणी पलटणीतनं काढत न्हाई. चूक हुकूम देणाराची." आणि हरिबांकडं वळून, "दिवाळीचं सोडा. मेंढरं हितनं जाईपतोर मुदत दिली. पर आता हुकूम बदला."

हुकूम बदलायचा म्हणजे असा शब्द हवा, जो या इमारतीत दुसरं कुणी बोलत नाही. 'चल' तर सगळेच म्हणतात. तानाजीनं एक शब्द सुचवला, तो समीक्षानं बोलूच दिला नाही. मग हरिबा हळूच म्हणाले, "नडी."

अंबूबाई माहेरची कर्नाटकातली, सीमेपलीकडची. मागं राहिलेल्या कोकराला ती "नडी, नडी" म्हणायची. चल, चल. ती गेल्यापासून तो शब्द हरिबांच्या तोंडात आला नव्हता. पहिल्या दिवशी ते गवतात नुसतेच उभे राहून परत आले. दुसऱ्या दिवशी म्हणाले.

आणि जुनं विसरायचं म्हणजे शिट्टी कानावर पडायला नको. समीक्षानं कुकर धुऊन, पुसून माळ्यावर टाकला. नोकरी करणारी बाई, सकाळी दोन डबे करणारी. उजाडायच्या आत उठून ती पातेल्यात डाळ शिजवत बसायची. तानाजी म्हणाला, "कुत्र्यासाठी एवढं?" तर तिनं नुसतं बघितलं. कुणासाठी, हे त्यालाही त्या बघण्यातून कळलं असावं, कारण त्यानंतर तो कच्चट डाळही मुकाट खाऊ लागला.

हरिबा हे रोज बघत होते. आभार मानायचे कसे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या बोलीत तो शब्द कुणी कुणाला म्हणत नाही. त्यांनी एवढंच केलं. जन्मात कधी चुलीपाशी न गेलेला माणूस संध्याकाळी डाळ निवडायला बसू लागला, रात्री ती भिजत घालू लागला. भिजलेली डाळ लवकर शिजते. सकाळी समीक्षा झाकण काढून बघायची आणि तीच डाळ शिजायला चढवायची. दोघांचं बरं चाललं होतं.

दिवाळी झाली. एका रविवारी कुकर माळ्यावरून खाली आला. सगळे स्वयंपाकघरात श्वास धरून उभे. शिट्टी झाली. हुलग्यानं मान उचलली, कान उभे केले, हरिबांकडं बघितलं. हरिबांच्या तोंडातून 'नडी' आलं नाही. हुलग्यानं मान परत पंजावर टाकली. तानाजीच पहिला ओरडला, "शाब्बास रं वाघा!" आणि पुन्हा एक शिट्टी होऊ दिली, नुसती बघायला म्हणून.

आणखी काही दिवसांनी धुळा आला. मेंढरं कराडच्या अलीकडं एका मळ्यात बसवलेली, हा भेटायला म्हणून वर आला. फेटा, खांद्यावर घोंगडं, अंगाला मेंढरांचा वास. तो वास घरात शिरला आणि हुलग्या त्याच्या पायांभोवती वेड्यासारखा फिरू लागला. हरिबांनीही नाक वर करून एकदा खोल श्वास घेतला, आणि समीक्षाचा हात चहा गाळता गाळता थांबला. हुलग्या फिरता फिरता एकदम थबकला, दाराशी गेला आणि नखानं दार खरडू लागला. असं तो पहिल्यांदाच करत होता.

धुळा म्हणाला, "तात्या, पिलू झ्याक हाय. कळपात शोभंल. तुमी बी चला की. हितं भिताडात करमतंय का तुमास्नी?"

हरिबा भिंतीला धरून उठले, पायात चपला सरकवल्या, दाराची कडी काढली आणि म्हणाले:

"करमतंय का इचारतोस? आरं गड्या, ह्या पोरीनं माज्यासाठी वढणीतनं कुत्रं आणलं, त्येच्यापायी अंधारात उठून पातेल्यात डाळ शिजवली, अन् येका शबुदानं मला बोलली न्हाई. असलं मानूस सोडून मी मेंढरांमागं कुटं फिरू? तू जा सुखानं, जाताना वहिनीच्या हातचा च्या पिऊन जा. मला आता येळ न्हाई. हुलग्या दारात हुबा हाय, त्येला खाली न्ह्यायचंय."