गॅसच्या नळाचा हिवाळा

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं आणि माझ्या थोरल्या दिरांना तिथे काम मिळालं. संध्याकाळी त्यांच्या सायकलची घंटा वाजली की जाऊबाई पदराला हात पुसत पुढच्या दाराशी जायच्या. मी मागे वाडीत केळींना पाणी सोडत असायची. आमचे हे गुजरातेत, गॅसच्या विहिरींवर. त्यांना सुट्टी मिळायची ती उन्हाळ्यात. संक्रांत, हळदीकुंकू सगळं मी जाऊबाईंच्या मागे उभं राहून केलं.

"थंडीत का नाय येत तुमी?" मी एकदा विचारलं.

"थंडीत लाइन तुंबते," म्हणाले, आणि समजावून सांगायला बसले. विहिरीतून गॅसबरोबर पाणी येतं. नळात दाब मोठा. गारठा पडला की गॅस आणि पाणी मिळून बर्फासारखा गोळा धरतो. पाणी गोठायला लागते तेवढी थंडीही त्याला लागत नाही. एकाच बाजूने घाईने दाब सोडला तर तो बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो आणि नळ फोडतो. म्हणून पाणी आधीच वेगळं काढायचं, गॅस तापवायचा आणि पंपाने मिथेनॉल सोडत राहायचं.

"मिथेनॉल काय असतं?"

"दारूसारखं दिसतं, पण विषारी. ते असलं की गोळा धरत नाय."

सांगताना त्यांचा आवाज मऊ झाला होता. माझा ताप उतरला का हे विचारताना तो तसा झाला नव्हता. सवत असती तर निदान तिच्याशी भांडता आलं असतं.

पुढच्या संक्रांतीला त्यांना कशीबशी रजा मिळाली. मी हरखून गेले. पण दुसऱ्या दिवशी पहाटे बघते तर हे अंगणात उभे.

"गारठा वाढलाय," म्हणाले. "तिकडं पंपावर कोण असेल?"

मी त्यांच्या हातात चहा दिला. दुपारी सासूबाईंना सांगितलं, "मी यांच्याबरोबर जाते."

"आनि वाडी कोन बघंल?"

"जाऊबाई हायत."

सासूबाई चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, पण अडवलंही नाही. बोईसर स्टेशनवर जाऊबाई सोडायला आल्या. सातपाटीच्या सुकटीचं पुडकं माझ्या पिशवीत कोंबत म्हणाल्या, "तुझं बरं हाय. तुझी चूल तुझी. आमचे रोज घरी येतात, पन जेवून आईंजवळ बसतात."

इतकी वर्षं मी जिच्यावर जळत होते, ती माझ्यावर जळत होती. गाडी सुटली तशी मी खिडकीतून त्यांचा हात धरला.

तिकडेही थंडीत हे लाइनवरच असायचे. तुंबली की दोन-दोन दिवस तोंड दिसायचं नाही. गारठा वाढला की आता मीच विचारायची, "मिथेनॉल पुरेसं हाय ना?" हे हसायचे. मी काही गमतीने विचारत नव्हते.