विमल दार लावून नाचायची

मंडळी, आज दुपारी खोताच्या वाडीत लूसीकडे आम्ही शाळेतल्या तिघी मैत्रिणी जमलो. तिघीही ऐंशी ओलांडलेल्या.

लूसीची नात शाळेच्या प्रॉमला निघाली होती. "तिथे मुलंमुली जोडीनं नाचतात," तिनं समजावलं.

विमल म्हणाली, "तुमची ती पॉप गाणी म्हणजे नुसता दणदणाट. पण जोडीनं नाचणं झकास!"

मी चाटच पडले. विमल म्हणजे आमच्यातली सोवळी!

ती सांगू लागली, "संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत कर्फ्यू लागला, तेव्हा मी याच घरात अडकले होते. लूसीच्या आईनं रेकॉर्ड लावून मला नाचायला शिकवलं. लग्नानंतर ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, मलाही शिकव. मग सासूबाई देवळात गेल्या की आम्ही खोलीचं दार लावून नाचायचो. आमचं खरं प्रेम तिथंच जमलं गं."

लूसीनं टाळी दिली. नातीनं गाणं लावलं आणि विमलला हात धरून उठवलं. आम्ही हसून हसून दमलो.

घरी येऊन मी आमच्या ह्यांच्यापुढे हात केला.

"काय गं, चक्कर येतेय का?"

"नाही हो, नाचायचंय!"

पाय चुकले, पण मजा आली. तुम्ही घरच्या माणसाचा हात उगाचच, काही काम नसताना, शेवटचा कधी धरलात?