हरिहरची काच आणि चौथीचा चंद्र

भोसरीत चिमाजीने भाड्याच्या सहा खोल्या एका ओळीत काढल्या होत्या. वर सिमेंटचे पत्रे, पुढे सगळ्यांचं मिळून एक अंगण. चौथ्या खोलीत हरिहर तुळपुळे, पाचवीत बबनराव, आणि मधली भिंत एवढी पातळ की हरिहरने इकडे जांभई दिली तर बबनराव तिकडून विचारायचे, "का हो शास्त्री, झोप नाही झाली वाटतं?"

दोघे एकाच कंपनीत, एकाच टूलरूममध्ये. बबनराव टर्नर. हात लेथवर आणि जीभ सगळ्या शॉपवर. हरिहर मात्र बार्शीकडून आलेला, खालमानेचा, सडपातळ माणूस. त्याचं काम मोजमापाची गेजं घासून अचूक मापात आणायचं. पुडीने घासायचं, पुसायचं, बोटाने चाचपायचं, पुन्हा घासायचं. त्याच्या बोटाला जे कळायचं ते इतरांना मापयंत्र लावून कळे. शॉपमध्ये म्हणत, तुळपुळ्याच्या बोटाचा कंपनीने विमा उतरवून ठेवायला हवा.

या माणसाला बाहत्तर साली चंद्राने धरलं. तसा तो लहानपणापासून वर बघत चालणारा, पण त्या उन्हाळ्यात पेपरात बातमी आली की चंद्रावर उतरलेल्या माणसांनी तिथे एक छोटी, सोन्याचा मुलामा दिलेली दुर्बीण मांडली आणि तिच्यातून आपल्या पृथ्वीचे फोटो काढले. हरिहरने ते कात्रण डब्याच्या झाकणात चिकटवलं. जेवणाच्या सुट्टीत पोळी खाता खाता वाचायचा.

"बबनराव, तिथून पृथ्वी कशी दिसते ठाऊक आहे? आपल्या चंद्राच्या चौपट रुंद. आणि उगवत नाही की मावळत नाही. एकाच जागी, टांगल्यासारखी."

"म्हणजे वॉचमनच म्हणा की! आणि उगवत नाही, तर तिथल्या बायकांनी संकष्टी सोडायची कशी?"

सगळं शॉप हसलं. हरिहरही हसला. त्याचं तेच तर होतं, हसायचा आणि पुन्हा आपल्या जागी.

मग त्याने पुण्याच्या जुन्या बाजारातून जाड काचेच्या ताटलीएवढ्या दोन तबकड्या आणल्या. दुर्बिणीचा आरसा घरी घासायचा होता त्याला. अंगणात तेलाचं रिकामं पिंप रोवलं, त्यावर एक काच बसवली, वर पूड आणि पाणी, त्यावर दुसरी काच. ती मागेपुढे सरकवत माणसाने पिंपाभोवती फिरत राहायचं, म्हणजे घासणं सगळीकडून सारखं होतं. सकाळची शिफ्ट झाली की रोज संध्याकाळी हरिहर पिंपाभोवती फिरे.

"वहिनी," बबनराव त्याच्या बायकोला, पद्माला, हाक मारून म्हणत, "वटपौर्णिमा झाली कधीच. यांना सांगा, सातच्या वर फेऱ्या लागत नाहीत."

"सांगून बघा तुम्हीच. माझं मेलं पीठसुद्धा तेवढं बारीक दळून येत नाही."

पूड कंपनीतलीच. वापरून झालेली, फेकायची. आधी भरड, मग बारीक, मग त्याहून बारीक. भाद्रपदापर्यंत काचेला वाटीसारखा खोलगट आकार आला. आता एकच पूड राहिली होती, सगळ्यात मऊ, शेवटची. ती झाली की पॉलिश, आणि मग आरसा.

गणेश चतुर्थी आली. दुष्काळाचं साल, आभाळ लख्ख. पद्माने शेजारी पाच मोदक दिले. तिन्हीसांजेला हरिहर अंगणात उभा राहून सरळ पश्चिमेकडे बघू लागला.

चिमाजीची बायको सोजराबाई ओरडली, "अरं ए बामणा! आज चांद बघू न्हाई. चोरीचा आळ येतो!"

"मावशी, कोर नका बघू. कोरीच्या पोटातला काळा भाग बघा. काळा नाही तो, राखाडी आहे. उजेड आहे तिथे, आपला. आत्ता चंद्रावर कुणी उभं असेल तर त्याला जवळजवळ भरलेली पृथ्वी दिसत असेल, आणि तिचं चांदणं पडलं असेल पायाशी." मग बबनरावांकडे वळून म्हणाला, "आरसा झाला की तुम्हाला पहिल्यांदा दाखवतो."

"मला? मी बघतोय तो तुमच्या डोक्यावरचा चंद्र," बबनराव म्हणाले. हरिहरला टक्कल पडू लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोरमनने बबनरावांच्या लेथशेजारीच हरिहरच्या हातात एक डबी दिली. शेवटची मऊ पूड. "ओल लागलीय. गेजांना नाही चालायची. घेऊन जा."

"गेट पास?"

"अरे, कचऱ्याला कसला गेट पास?"

तीन वाजता शिफ्ट सुटली. गेटवर रांग. वॉचमन नवा, फौजेतून आलेला, कुणाची थट्टा न कळणारा. हरिहर पुढे, बबनराव मागे, आणि मागे चाळीस माणसं. एवढा श्रोतृवर्ग मिळाल्यावर बबनरावांना राहवतंय होय?

"ओ हवालदार, याचा डबा तपासा बरं! काल चौथीचा चंद्र पाहिलाय यानं!"

रांग हसली. वॉचमन नाही हसला. त्याने डबा उघडला. वर कात्रण, मध्ये पोळीचा तुकडा, खालच्या खणात कंपनीच्या स्टोअरचा शिक्का असलेली डबी.

वॉचमनने साहेबाला कळवलं, साहेबाने फोरमनला बोलावलं. त्याने डबी पाहिली, साहेबाचं तोंड पाहिलं आणि म्हणाला, "मी? मी कशाला देईन?"

आठ दिवसांनी चौकशी. हरिहरने एवढंच सांगितलं, की फोरमनने दिली, आणि बबनराव जवळ होते. आदल्या रात्री भिंतीपलीकडून पद्माचा आवाज बबनरावांनी ऐकला होता, "बबनभाऊजी सांगतील ना? मग कशाला घाबरायचं?" सांगायचंच त्यांनी ठरवलंही होतं. पण चार्जहँडची, फोरमनच्या हाताखालच्या मुकादमाची, जागा भरायची होती, आणि त्यांचं नाव वर धाडणारा होता हाच फोरमन. तो टेबलाच्या कडेला बसला होता, पेनचं टोपण काढत आणि लावत.

"काय हो बबनराव, तुम्ही काय ऐकलंत?"

"साहेब, लेथचा केवढा आवाज असतो. मी तर गेटवर चेष्टेनं बोललो. डब्यात काय ते मला काय ठाऊक?"

आणि जाता जाता सवयीने जोडलं, "चंद्राला विचारा." कोणी हसलं नाही.

हरिहरची नोकरी राहिली, टूलरूम गेली. त्याला पॅकिंगला धाडलं, लाकडी खोक्यांना खिळे ठोकायला. ते बोट वर्षभरात फुटून, जाड होऊन गेलं. बबनराव चार्जहँड झाले. पेढे वाटले. हरिहरने पेढा घेतला.

पिंप चिमाजीने पाणी साठवायला नेलं. काच पद्माने लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवली, घट्ट बसायची. बबनरावांनी एकदा धीर करून विचारलं, "शास्त्री, दुर्बिणीचं काय झालं?"

"तिथली दुर्बीणसुद्धा तिथेच ठेवून आले ते लोक," हरिहर म्हणाला. "फिल्म तेवढी काढून आणली."

मोदक मात्र दर चतुर्थीला येत राहिले. पाचच. एक कमी आला असता तर बबनरावांना बरं वाटलं असतं.

एक्याऐंशी साली हरिहरने पिंपळे गुरवला दोन खोल्या बांधल्या. श्रावणात टेम्पो आला. सामान चढवून होत आलं, तेव्हा बबनराव त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "हरिहर, त्या दिवशी फोरमन काय म्हणाला, ते मी ऐकलं होतं."

"ठाऊक आहे," हरिहर म्हणाला. "लेथ बंद होतं तुमचं. तुम्ही त्यावरचा जॉब काढून दुसरा लावत होता."

नऊ वर्षं. बबनरावांना वाटत होतं की त्याला शंका असेल, आणि शंकेवर माणूस जगू शकतो.

"मग बोलला का नाहीस चौकशीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो होतो." मग टेम्पोत चढून त्याने हात पुढे केला. "ती बरणी द्या. जपून, झाकण निसटतं."

बबनरावांनी बरणी उचलली. काचेवरून अंगठा फिरला. खरखरीत होती, थोडीशीच.

त्या वर्षी चतुर्थीला पाऊस दुपारीच थांबला. चौथ्या खोलीला कुलूप. बबनराव अंगणात येऊन पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिले. कोर दिसली. तिच्या पोटातला राखाडी उजेड आधी दिसेना, मग दिसला.

"अरं बबन, खाली बघ!" सोजराबाई ओट्यावरून ओरडली. आता तिचे दात गेले होते. "आळ यंल!"

"येऊ दे, मावशी," बबनराव म्हणाले, आणि बघत राहिले.