सही करून बसलो, मग लाल पेन काढला

शिक्षक भावाबहिणींनो, आज लातूरला मी स्वतःच्या हातानं चूक केली. आधी तीच सांगतो.

आमच्या हदगावच्या शाळेतली पोरं क्लाससाठी लातूरला गेली, पट घसरला आणि मी 'अतिरिक्त' ठरलो. आता समायोजन म्हणून मला पार देवणीला धाडून राहिलेत. त्यासाठीच आज लातूरच्या शिक्षण कार्यालयात साहेबांनी आम्हा अतिरिक्त शिक्षकांना बोलावलं होतं. आमच्या शिक्षक संघटनेचं ठरलं होतं, हजर राहायचं पण कशावर सही करायची न्हाई.

दारातच टेबलावर कागद होता. आल्या आल्या मस्टरवर सही, ही सव्वीस वर्षांची सवय. केली की! माझं बघून आणखी अकरा जणांनी केली.

मग आमच्या तालुकाध्यक्ष शेख मॅडम आल्या. त्यांनी चष्मा लावून वरची बारीक ओळ वाचली, "समायोजनास माझी संमती आहे."

माझ्याकडं बघून म्हणाल्या, "सर, पोरांना रोज सांगता ना, आधी प्रश्न नीट वाचा?"

लई लाज वाटली. खिशातला लाल पेन काढला, माझी सही खोडली आणि शेजारी लिहिलं, "संमती नाही." पेन मागच्यांकडं दिला. बाराही सह्या लाल झाल्या.

साहेब ओरडले, "सरकारी कागद आहे हा!"

मॅडम म्हणाल्या, "चुकीचा होता साहेब. तपासून दिलाय."

आता नोटीस काढतो म्हणतात. काढा! उद्या पहिल्या तासाला मी हदगावलाच गणित शिकवणार हाय. मी गेल्यावर ते कोण शिकवणार, हे त्या कागदावर कुठं लिहिलं होतं? कुणाला दिसलं तर दाखवा. लाल पेन खिशातच हाय.