बर्फातली एकच वाट

ऑफिसात तिला शंकासूर म्हणत, आणि तेही तोंडावर. तिला त्याचं काही वाटत नसे. घरात दिवा गेला तर ती आधी नवऱ्याकडे बघे, मग बल्बकडे. पण नोकरी उभी होती ती याच स्वभावावर. कॉम्प्युटरवरच्या एका खेळात भलंमोठं बर्फाळ जंगल होतं आणि त्यातल्या जनावरांची पावलं उमटवणं हे तिचं काम. पुस्तकातल्या चित्रांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. शेजारणीचा कुत्रा तिने आपल्या स्वयंपाकघरात पिठावरून चालवला होता. त्याच पिठावरून नवरा घसरला, तेव्हा "उठू नकोस, ठसे पुसशील," एवढंच म्हणाली होती.

शेजारच्या खुर्चीवर पन्नाशीचा एक गृहस्थ नवीन आला होता. त्याच्याकडे बर्फाचं खातं: पाऊल पडल्यावर बर्फ किती दबेल, कडा कशा ढासळतील, हे तो ठरवी. बोलणं कमी, चालणं हळू, डबा एकट्याने खायचा, आणि ती मागून गेली की स्क्रीनवरचं काहीतरी झटकन मिटायचा. तिने मनात त्याचं नाव ठेवलं गोगलगाय. गोगलगाय आणि पोटात पाय.

एका सोमवारी तिने जंगल उघडलं आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. लांडगा, हरीण, कोल्हा, ससा, सगळ्यांची पावलं ओढ्याकाठच्या एकाच रेषेत एकमेकांवर चढली होती. बाकी बर्फ कोरा. लांडग्याच्या मागोमाग ससा निघालाय, हे शेंबडं पोरही मानणार नाही. आणि शुक्रवारी हेच जंगल बाहेरच्या मंडळींना दाखवायचं होतं.

तिने सगळं पुसून नव्याने सुरू केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. जंगलाला हात लावायची मुभा दोघांनाच होती, तेव्हा चोर शोधायला लांब जायला नको. ती तडक साहेबांकडे गेली. हा माणूस माझं काम नासवतोय, एक तर तो राहील नाही तर मी, असं तिने स्पष्ट सांगितलं. साहेबांना भांडण नको होतं, जंगल हवं होतं. त्यांनी गोगलगायीची मुभा काढली आणि शुक्रवारनंतर त्याला निरोप द्यायचं ठरवलं. ते कळल्यावर तो नुसतं बरं म्हणाला. त्या बरंचाही तिला संशय आला.

पुरावा हवा म्हणून तिने सापळा लावला. जंगल पुन्हा पुसलं आणि लांडग्याच्या उजव्या पंजाचं एक नख गुपचूप तोडलं. कुणी जुने ठसे उचलून चिकटवले, तर नख शाबूत दिसेल. सकाळी पाहते तर ओढ्याकाठी तीच रेघ, आणि तिच्यात तुटक्या नखाचा लांडगा. म्हणजे लांडगा आपल्या पायांनी आला होता. गोगलगायीचे हात तर बांधलेले.

मग तिने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःवर संशय घेतला. मागे तिनेच एक नियम घातला होता: खोल बर्फात जनावर दमतं, म्हणून दबलेली जागा दिसली की तिथूनच जावं. जुना बर्फ नावालाच दबायचा, त्यामुळे नियम झोपून होता. या माणसाचा बर्फ खरोखर दबला. पहिला ससा ओढ्याकडे गेला, त्याच्या खळग्यांतून कोल्हा, कोल्ह्यामागे हरीण, आणि मग सगळं जंगल मुकाट्याने त्याच वाटेला लागलं.

ती त्याला घेऊनच साहेबांच्या खोलीत शिरली. चूक माझी, यांचा निरोप रद्द करा, असं उभ्या उभ्या सांगून टाकलं. साहेबांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

बाहेर आल्यावर गोगलगाय म्हणाला, "मला मंगळवारीच कळलं होतं. साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, बाईंना विचारा."

"मग मला का नाही बोललात?"

"तुम्ही विश्वास ठेवला असता?"

तिने प्रामाणिकपणे विचार केला. "नसता ठेवला."

शुक्रवारपर्यंत दोघांनी मिळून तोड काढली. जंगलात अधूनमधून ताजा बर्फ भुरभुरू लागला, खळगे बुजू लागले आणि जनावरं पुन्हा पांगली. पाहुणे खूश होऊन गेले. ते गेल्यावर ती त्याच्या मागून निघाली, आणि त्याने सवयीने काहीतरी मिटलं.

"सारखं काय मिटता हो?"

त्याने निमूट उघडून दाखवलं. एकट्याने खेळायचा पत्त्यांचा डाव होता. तिने वाकून बारकाईने पाहिलं.

"ही राणी तुम्ही मागे घेतलीत."

"एकदाच."

"एकदाच?" म्हणत तिने आपली खुर्ची जवळ ओढली.