हिरड्यांवरचा आवळा

बाजारात आवळ्यांचा तुरट वास आला की लढाईवरून परतलेला माझा थोरला भाऊ आठवतो. वडूजजवळच्या आमच्या घरी तो आला तेव्हा त्याच्या हिरड्यांतून रक्त येई, भाकरी चाववत नसे. डॉक्टर म्हणाले, "पलटणीत ताजं काही मिळालं नाही, याला आवळे द्या." लग्नानंतर त्याच्याशी धड बोललीही नव्हती अशी वहिनी रोज डोंगरातून आवळे आणी, ठेचून, मीठ लावून वाटी पुढे सरकवी. "लय झोंबतंय व्हय?" तिनं एकदा हळूच विचारलं. "झोंबू दे. तू बस हितं," तो म्हणाला. हळूहळू रक्त थांबलं. एका दुपारी त्यानं भाकरीचा कडक पापुद्रा चावून खाल्ला आणि उरलेला सगळ्यांदेखत तिच्या हातावर ठेवला. आईनं दुसरी भाकरी तव्यावर टाकली. असं सुखानं जेवणारं घर मी पुढं क्वचितच पाहिलं.